भय घालवावे की जागा सोडावी?

(नवदीक्षित कुटुंबांच्या सभेत एका वकिलाने केलेले भाषण)



‘आयुष्यात पुढे कसे यावे’ या विषयावर मी बोलावे अशी चालकांची इच्छा आहे. त्यांची क्षमा मागून मी हा विषय थोडा आखडता घेतो. पुढे येण्याचे मार्ग आपल्या मुलामुलींना सांगणारे आता पुष्कळ आहेत. कोणती परीक्षा द्यावी, अर्ज कोठे करावा, शिष्यवृत्ती कशी मिळते, ही माहिती आज दुर्मिळ राहिलेली नाही. तरीदेखील अर्ज लिहून तयार असतो आणि तो नेऊन द्यावयास मुलगा जात नाही. मुलाखतीचे पत्र येते आणि मुलगी नेमकी त्याच दिवशी अंथरूण धरते. वकिलीची सनद मिळते आणि सनद मिळालेला तरुण तीन-तीन वर्षे सिनियरच्या मागच्या खुर्चीवर बसून काढतो. वाट ठाऊक असून पाऊल उचलत नाही, त्याचे कारण भय होय. म्हणून आज मी केवळ भयाविषयी बोलणार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. भय वाटणे हा दुर्गुण नव्हे. आपल्या मुलाला चारचौघांत ‘घाबरट’ म्हणून हिणवणारे बाप मी पाहिले आहेत, आणि तेच बाप तहसील कचेरीच्या खिडकीपाशी चपला काढून, हात जोडून उभे राहिलेलेही मी पाहिले आहेत. मुलाने भय शाळेत शिकलेले नसते. ते त्याने बापाच्या पाठीच्या वाकण्यातून उचललेले असते. बापानेही ते आपल्या बापाकडून घेतलेले असते. असे वारशाने आलेले भय एका व्याख्यानाने जाणार नाही, हे मी जाणतो. परंतु ते ज्या रीतीने जाते ती रीत फार जुनी आहे आणि ती आपल्याच घरची आहे.

मज्झिम निकायातील चौथ्या सुत्ताचे नाव भयभेरव सुत्त असे आहे. जाणुस्सोणि नावाचा ब्राह्मण श्रावस्तीस जेतवनात भगवंतांकडे येतो आणि म्हणतो की, अरण्यात एकांतात राहणे फार कठीण आहे. मन स्थिर नसलेल्यास ते अरण्य वेडेच करील. त्यावर भगवंत काय सांगतात, ते लक्षपूर्वक ऐका. ‘मला भय कधी वाटलेच नाही’ असे ते म्हणत नाहीत. संबोधी प्राप्त होण्यापूर्वी मलाही असेच वाटत असे, असे ते मोकळेपणाने सांगतात. मग त्यांनी काय केले? पक्षाच्या अष्टमीस, चतुर्दशीस आणि पंधराव्या रात्री, म्हणजे लोक ज्या रात्रींना भितात नेमक्या त्याच रात्री, लोक ज्या चैत्यांना आणि झाडांना भितात तेथे ते मुद्दाम जाऊन राहिले. रात्री एखादे हरीण जवळ येई, मोर काटकी पाडी, वारा पाचोळा हलवी, आणि मनात येई की, आले, ते भय आले! तेव्हा त्यांनी एक निश्चय केला. चालत असताना भय आले तर ते जाईपर्यंत चालतच राहावयाचे. थांबावयाचे नाही, बसावयाचे नाही. उभे असताना आले तर उभ्यानेच, बसले असताना आले तर बसल्यानेच, आडवे असताना आले तर त्याच स्थितीत त्याचा निकाल लावावयाचा.

ह्या सांगण्यात मंत्र नाही, तोडगा नाही, गंडादोरा नाही, कोणा देवाचा धावाही नाही. भय जेथे गाठते तेथेच थांबावयाचे, ते ओसरेपर्यंत जागा बदलावयाची नाही, आणि भय नव्हे तर आपण मागे उरतो हे स्वतः पाहावयाचे, एवढेच त्यात आहे. पाचोळा वाजला तो वाऱ्याने, हे कळावयास पाचोळा वाजून थांबेपर्यंत तेथे असावे लागते. जो आवाज ऐकताच पळाला त्याच्या लेखी तेथे कायमचे भूत राहिले.

मानसशास्त्राचे पंडित अलीकडे ह्याच ठिकाणी येऊन पोहोचले आहेत. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या विदुषीने सशाला भिणाऱ्या एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचे वय पुरते तीन वर्षांचेही नव्हते. मूल खाऊ खात असताना पिंजऱ्यातील ससा प्रथम दूर ठेवला, मग दिवसेंदिवस जरा जवळ, आणखी जवळ असे करीत करीत शेवटी ते मूल सशाला आपल्या हाताने कुरवाळू लागले. पुढे १९५८ साली जोसेफ वोल्पे यांनी ह्या क्रमवार सवयीचे शास्त्रच मांडले. मानसशास्त्राचे म्हणणे थोडक्यात असे की, भिऊन माघार घेतली की जिवाला सुटल्यासारखे वाटते आणि ते सुटल्यासारखे वाटणे हेच भयाचे खाद्य ठरते. मुलाखतीस न गेलेल्या मुलीला त्या संध्याकाळी फार बरे वाटते. पुढल्या मुलाखतीच्या वेळी तिचे भय दुपटीने वाढलेले असते, ते त्या बरे वाटण्यामुळेच. आईबापांनो, ‘जाऊ दे, नसेल झेपत तर नको जाऊस,’ असे आपण मायेने म्हणतो तेव्हा आपल्या हातून काय होते, याचा विचार करा.

आता माझ्या धंद्यातील गोष्ट सांगतो, कारण तेथे मला अधिक कळते. कोर्टात जो काही म्हणतो त्याच्याकडे पुरावा मागितला जातो. भयाकडेही पुरावा मागितला पाहिजे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी प्राशन केले हे आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. त्यानंतर काय झाले हे मोठ्यांनाही फारसे ठाऊक नसते. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर महाडच्या कोर्टात दावा दाखल झाला आणि १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम निघाला. परिषद तर दहा-अकरा दिवसांवर आली होती. हजारो माणसे जमली, पाण्यापर्यंत जाण्यास उतावीळ झाली, आणि बाबासाहेबांनी त्यांना मनाई हुकूम मोडू न देता दावा लढविण्याचा मार्ग धरला. काही जणांना तेव्हा तो माघारीचा मार्ग वाटला असेल. एक वकील ह्या नात्याने मला तो भगवंतांच्या त्या रात्रींसारखा वाटतो. जेथे गाठले गेले तेथेच, त्याच स्थितीत, ते उभे राहिले. दावा महाडात चालला, अपील ठाण्यास चालले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अखेरचे अपील फेटाळले. नऊ वर्षांहून अधिक काळ गेला.

फिर्यादी पक्षाचे म्हणणे असे होते की, अस्पृश्यांना ह्या तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे. ‘अनादि काळापासून’ हे शब्द उच्चारताच आपले आजे-पणजे मान खाली घालीत. कोर्टाने मात्र फक्त एवढेच विचारले की, ते सिद्ध करा. आणि ते सिद्ध झाले नाही! वहिवाट होती, काही काळ चालत आली होती, पण कायद्याला मान्य होईल अशी अनादि वहिवाट असल्याचे फिर्यादींना दाखविता आले नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसांना पाण्यापासून दूर ठेवणारी ती भली मोठी गोष्ट साक्षीच्या पिंजऱ्यात उभी केल्यावर तिचा पुरावा अपुरा पडला. मला ह्या निकालपत्राचे जे मोल वाटते ते पाण्याहूनही ह्या कारणासाठी अधिक आहे.

तुमच्यापैकी प्रत्येकाने आपल्या भयाला असेच पिंजऱ्यात उभे करावे. ‘साहेब चिडतील’ असे मन म्हणते. ठीक आहे, चिडतील, पुढे काय? अर्ज घेणार नाहीत. नाही घेतला तर तो टपालाने, पोच परतीसह पाठविता येतो. फेटाळतील. फेटाळला तर कारणांसह लेखी हुकूम मागता येतो आणि त्यावर अपील करता येते. काहीच कळविणार नाहीत. तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून विचारता येते आणि तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना भाग आहे. असे प्रश्न कागदावर लिहून उत्तरे शोधीत गेले म्हणजे शेवटी भयाच्या हातात काय उरते? साहेबाचा चढलेला आवाज. आवाजाने आजवर कोणाची सनद गेली नाही.

सगळेच भय पाचोळ्याचे असते असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणणे तुमची फसवणूक होईल. काही भयांच्या मागे खरोखर कायदा उभा असतो. १९५६ साली ज्यांनी दीक्षा घेतली त्या आपल्या वडील माणसांना ‘धर्म’ ह्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिताना जी धास्ती वाटे ती पोकळ नव्हती. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद तेव्हा हिंदू आणि शीख यांखेरीज कोणास ओळखत नव्हता. महाराष्ट्र सरकारने १९६० साली नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राचा दरवाजा बंदच राहिला. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या राखीव जागेवरून निवडून आलेले मेश्राम यांची निवड सर्वोच्च न्यायालयाने ह्याच मुद्यावर अवैध ठरविली. धर्म ‘मानणे’ म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, असा अर्थ न्यायालयाने लावला. आणि ज्याने उघडपणे जाहीर केले त्याला राखीव जागा नाही, असा निकाल झाला. तेव्हा उघडपणाला किंमत मोजावी लागत होती. मोजणाऱ्यांनी ती मोजली, हे त्यांचे आपणांवर ऋण आहे.

परंतु १९९० साली संसदेने तो परिच्छेद दुरुस्त केला आणि त्यात बौद्धांचा समावेश केला. ह्याला तीन दशकांहून अधिक काळ लोटला. तरी आजही मला घरोघरी ऐकू येते की, ‘वकीलसाहेब, बौद्ध लिहिले तर पोराचे नुकसान तर नाही ना होणार?’ कायदा बदलला, भय तसेच राहिले. घराला कुलूप नाही आणि आतला माणूस दार ढकलून पाहावयास तयार नाही, अशी ही अवस्था आहे. धर्माच्या रकान्यात आजचा धर्म लिहावयाचा आणि जातीचा दाखला पूर्वजांच्या अनुसूचित जातीच्या पुराव्यावर मिळवावयाचा. ह्या दोन गोष्टी आता एकमेकींच्या आड येत नाहीत. नियम काय आहे हे पाहून भ्यावे किंवा न भ्यावे. आजोबांच्या वेळचा नियम पाहून आज भिऊ नये.

दुसरे खरे भय गावातले. तेथे वाट अडविली जाते, पिठाची चक्की बंद होते, कामावर बोलावीत नाहीत. अशा ठिकाणी एकट्याने छाती पुढे काढण्याचा उपदेश करणारे बहुधा शहरात राहतात. अरण्यातील पाचोळा आणि अरण्यातील वाघ ह्यांतला फरक ओळखणे हाही धैर्याचाच भाग आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणे किंवा तशी धमकी देणे हाही त्या कायद्याखाली गुन्हा आहे. पीडितांस आणि साक्षीदारांस संरक्षण, प्रवासखर्च आणि चौकशी-खटल्याच्या काळातील निर्वाहखर्च मिळण्याची तरतूदही त्यात आहे. ही तरतूद मागितल्यावाचून मिळत नाही, आणि मागावयास चार माणसांनी मिळून जावे. एकाच्या पायाला कंप सुटला तर दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपणही बेधडक वापरतो. ज्याचे वतन, वाडा आणि विहीर आधीच ताब्यात आहे त्याच्या दृष्टीने ती म्हण शहाणपणाची आहे. ज्याला काही मिळवावयाचे आहे त्याने ती उसनी घेण्याचे कारण नाही.

आता तरुणांच्या विशेष अडचणीकडे वळतो. ती म्हणजे उभे राहून बोलणे. मुलाखत असो, वर्ग असो, कोर्ट असो, जीभ टाळूला चिकटते. माझ्या पहिल्या वर्षी पुकारा झाला की माझ्या हातातले कागद फडफडत. शेजारच्या एका म्हाताऱ्या कारकुनाने हळूच सांगितले, ‘कागद हातात धरू नका, टेबलावर ठेवा. थरथर दिसली नाही की ती निम्मी होते.’ विधि महाविद्यालयातील तीन वर्षांत इतके उपयोगी वाक्य मी ऐकले नव्हते.

ग्रीस देशात सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी डेमॉस्थेनीस नावाचा एक पोरका मुलगा होता. बापाने ठेवलेली मालमत्ता पालकांनी गिळली. विसाव्या वर्षाच्या सुमारास त्याने त्यांच्यावर दावा लावला. ज्याच्यावर लावला त्याचे नाव होते अफोबस, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘निर्भय’! दावा तो जिंकला. पैसे मात्र थोडेच हाती लागले. निकाल आणि वसुली ह्या दोन गोष्टी तेव्हाही वेगळ्या होत्या. पुढे सभेत बोलावयास उभा राहिला तेव्हा लोक त्याला हसले. त्याची जीभ अडखळे, दम पुरत नसे. प्लुटार्कने लिहून ठेवले आहे की, तोंडात खडे धरून तो बोलण्याचा सराव करी आणि महिना-महिना तळघरात अभ्यास करी. बाहेर जाण्याचा मोह होऊ नये म्हणून अर्धे डोके भादरून घेई. तोच पुढे ग्रीसचा सर्वश्रेष्ठ वक्ता म्हणून गणला गेला. कथेत थोडी भर पडली असेल, परंतु भित्र्या मुलाने निर्भय नावाच्या माणसास कोर्टात खेचले, एवढे तर खरेच आहे.

नवशिक्या वकिलाने पहिल्याच दिवशी उलटतपासणीस उभे राहू नये. प्रथम कोर्ट बसण्याआधी जाऊन त्या खोलीत नुसते बसावे. मग सिनियरसाठी तारीख मागावी. वाक्य एकच असते. मग मुदतीचा अर्ज चालवावा, मग प्रतिपक्षाच्या अर्जावर म्हणणे मांडावे, मग एखाद्या लहान साक्षीदारास चार प्रश्न विचारावे. प्रत्येक पायरीवर छाती धडधडेल. ती शांत होईपर्यंत त्याच पायरीवर रोज उभे राहावे आणि मगच पुढली चढावी. परीक्षेस बसणाऱ्या मुलीने घरच्या माणसांपुढे, मग शेजाऱ्यांपुढे, मग ह्या विहारात पाच मिनिटे बोलावे. मुलाखतीच्या खोलीत तिला तेच करावयाचे आहे. फक्त समोरच्या खुर्च्या निराळ्या असतील.

भयभेरव सुत्तात आणखी एक गोष्ट आहे. अरण्यात कोणाला भय गाठते ह्याची एक लांबलचक यादी भगवंतांनी दिली आहे. ज्याचे कायेचे, वाचेचे, मनाचे कर्म आणि उपजीविका शुद्ध नाही तो. जो आळशी तो. जो संशयी तो. जो लाभ आणि मानमरातब यांसाठी हपापलेला तो. म्हणजे काही भय आपणच पेरतो. माझ्या टेबलापाशी येणाऱ्या पक्षकारांत मी हे रोज पाहतो. ज्याचे कागद सरळ असतात तो गरीब असला तरी नीट वाक्यात बोलतो. ज्याने दाखल्यात खोटी नोंद घुसडली, किंवा दलालास पैसे देऊन प्रमाणपत्र आणले, त्याला नोकरी लागली तरी झोप लागत नाही. जात पडताळणी समितीचे पाकीट दिसले की त्याला घाम फुटतो. त्याच्या भयावर वक्तृत्वाचा सराव चालत नाही. खोट्या दाखल्याने मिळालेले सर्व लाभ काढून घेण्याची आणि शिक्षेचीही तरतूद महाराष्ट्राच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्यात आहे. आपला हक्क खरा असताना केवळ उशीर होईल ह्या भीतीने कोणी दलालाकडे जाऊ नये. उशीर सोसवतो; आयुष्यभराची धास्ती सोसवत नाही.

आणि खरे कागद असूनही पुष्कळांचे काम अडते ते बारीकसारीक गोष्टींवर. आजोबांचे नाव एका दाखल्यात एक आणि दुसऱ्यात दुसरे. आडनाव बदललेले, पण राजपत्रात प्रसिद्ध केलेले नाही. शाळेच्या जुन्या नोंदवहीचा उतारा कधी मागितलाच नाही. हे सारे दुरुस्त करता येते, मात्र ते प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात करता येत नाही. म्हणून ज्यांची मुले यंदा नववीत किंवा अकरावीत आहेत त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता घरातील सर्व जुने कागद, फाटलेले असले तरी, पिशवीत घालून येथे आणावे. मी आणि माझे दोन सहकारी पाहून देऊ. अर्ज मात्र मुलांनी स्वतःच्या हाताने लिहावयाचा आहे, आणि कचेरीत तो देताना आईबापांनी बाहेर थांबावे, अशी माझी विनंती आहे.

जयभीम.